जुन्या सचित्र मासिकांचा संग्रह

छंद म्हणजे रिकामपणाचा उद्योग, अशी समजूत आपल्यांपैकी पुष्कळांची असते. पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी किंवा काड्यापेट्यांवरील चित्रे जमविणाऱ्या मुलाकडे वडीलधारी माणसे आधी कौतुकाने पाहतात, आणि परीक्षा जवळ आली की त्याच कौतुकाची जागा कपाळावरच्या आठ्या घेतात. ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. जो संग्रह केवळ संख्या वाढविण्यासाठी किंवा दुसऱ्यास हिणविण्यासाठी केला जातो, त्याने मनुष्याची दृष्टी विशाल होण्याऐवजी आकुंचित होते. परंतु असाही एक संग्रह आहे की, जो विद्यार्थ्यांनी करावा व पालकांनी करू द्यावा, असे आम्हांस मनापासून वाटते. तो म्हणजे जुन्या सचित्र मासिकांचा. मात्र या शिफारशीस एक अट आहे, आणि त्या अटीसाठीच हा लेख आम्ही लिहीत आहो.

प्रथम या मासिकांचा थोडा परिचय करून देणे अवश्य आहे. मराठी नियतकालिकांचा आरंभ बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण' पत्रापासून, म्हणजे १८३२ पासून मानतात. त्याच बाळशास्त्रींनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे पहिले मराठी मासिक काढले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८४२ साली, अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनने 'ज्ञानोदय' सुरू केला. त्या काळी चित्र छापणे ही सोपी गोष्ट नव्हती. लाकडाच्या ठोकळ्यावर कारागिराने हाताने रेषा कोरावी, तेव्हा कोठे एक चित्र उमटावे, अशी स्थिती होती. पुढे धातूचे ब्लॉक आले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी रंगीत मुखपृष्ठ ही गोष्ट मासिकांच्या आवाक्यात आली.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये मुंबईस 'मनोरंजन' मासिक काढले. त्याच मासिकाने १९०९ साली दिवाळीचा खास अंक प्रसिद्ध केला, आणि दिवाळी अंकांची जी परंपरा आज महाराष्ट्राचे भूषण मानली जाते, तिचा पाया घातला. १९१६ मध्ये मुंबईतच हाजी महंमद अलारखिया शिवजी या रसिक गृहस्थांनी 'वीसमी सदी' नावाचे सचित्र गुजराती मासिक सुरू केले. रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारख्या मराठी चित्रकाराची चित्रे त्यात येत. १९२१ मध्ये संपादक निवर्तले आणि मासिकही संपले. पण जे अंक लोकांनी जपून ठेवले होते, त्यांवरून पुढे त्या मासिकाच्या प्रती संगणकावर सर्वांस पाहता येतील अशा केल्या गेल्या. ज्यांनी ते अंक शंभर वर्षे सांभाळले, त्यांना आपण काही मोठे कार्य करीत आहो असे वाटलेही नसेल.

इकडे किर्लोस्करवाडीस, जेथे लोखंडी नांगर तयार होत, तेथे १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले. कारखान्याच्या वार्तापत्राचे थोड्याच वर्षांत सर्व महाराष्ट्राचे मासिक झाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मासिकाच्या सजावटीचे रहस्य कळते. त्याच संस्थेने १९३० मध्ये 'स्त्री' व १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके काढली. त्यानंतरचा काळ दीनानाथ दलाल व रघुवीर मुळगावकर या दोन गोमंतकीय चित्रकारांचा. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' वार्षिक अंक सुरू केला. शेकडो पुस्तकांवर आणि अंकांवर या दोघांची चित्रे आली, आणि ज्या घरात कधी चित्रकाराचे पाऊल लागले नसते त्या घराच्या भिंतीपर्यंत ती पोहोचली. मुलांपुरते बोलावयाचे तर 'चांदोबा' आणि १९७१ पासून निघणारा बालभारतीचा 'किशोर' यांची नावे घेतली म्हणजे पालकांच्या चेहऱ्यावर आपोआप हास्य उमटते.

आता आमची अट सांगतो. संग्रह करावयाचा तो अंकाचा करावा, मुखपृष्ठाचा करू नये.

हे वाक्य वाचून कोणी म्हणेल की, यात विशेष ते काय? परंतु हल्ली जुन्या अंकांची मुखपृष्ठे फाडून, चौकटीत बसवून, दिवाणखान्यात लावण्याची आवड वाढत चालली आहे. जुन्या वस्तूंच्या बाजारात अखंड अंकापेक्षा सुटे मुखपृष्ठ लवकर विकले जाते, असेही आमच्या पाहण्यात आले आहे. चित्र भिंतीवर जाते आणि आतली शंभर पाने रद्दीत जातात. ज्यांनी चित्र विकत घेतले त्यांना आपण एक सुंदर वस्तू वाचविली असे समाधान वाटते. वस्तुतः त्यांनी एक वस्तू मोडून तिचा तुकडा घेतलेला असतो.

याच्या उलट चूक आपल्या ग्रंथालयांनी केली आहे, आणि तीही चांगल्या हेतूने. वर्षाचे बारा अंक एकत्र बांधावयाचे म्हणजे जाडी कमी व्हावी म्हणून बाइंडर मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढून टाकी. 'मजकूर राहिला म्हणजे झाले' ही त्या वेळची सर्वमान्य दृष्टी होती. केवळ आपल्याच देशात नव्हे तर परदेशीही ही रीत होती. त्यामुळे आज एखाद्या मोठ्या ग्रंथालयात जुन्या मासिकाची बांधीव वर्षे मिळतात, पण त्या वर्षांतील एकही मुखपृष्ठ मिळत नाही. अशा प्रकारे एकाने मस्तक ठेवले आणि दुसऱ्याने धड ठेवले. संपूर्ण देह पाहावयाचा असेल तर तो कोठे मिळेल? तो ज्या घरी अंक वर्गणीने येत असे, बांधणीस गेला नाही, माळ्यावर पडून राहिला, अशा एखाद्या साध्या घरीच मिळण्याचा संभव अधिक. म्हणून हा विषय मुंबई-पुण्याच्या विद्वानांइतकाच नालवाडीच्या आणि वर्ध्याच्या गृहस्थांचाही आहे.

अखंड अंकाचा एवढा आग्रह कशासाठी, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. मुखपृष्ठ हे अंकाने जगाला दाखविलेले तोंड होय. त्यावर प्रायः सणाचा आनंद असतो, नटलेली तरुणी असते, समई असते, फुले असतात. आत उलटून पाहावे तो निराळेच जग दिसते. एका पानावर बालविवाहाविषयी वाद चाललेला असतो. दुसऱ्या पानावर शक्तिवर्धक औषधाची, केसांच्या तेलाची, सायकलीची जाहिरात असते. कोठे वाचकांची पत्रे, कोठे वर्गणी थकल्याबद्दल संपादकांची काकुळतीची विनंती. ज्या समाजाने ते चित्र पसंत केले, तो समाज काय खात होता, कशास भीत होता, किती पैशांत घर चालवीत होता, हे आतल्या पानांवरून कळते. केवळ चित्र पाहणारा मनुष्य असे समजेल की, त्या काळी सर्व घरे सुखी होती आणि सर्व स्त्रिया दागिन्यांनी मढलेल्या होत्या.

येथे विद्यार्थ्यांस आम्ही एक अभ्यास सुचवितो. दहा जुनी मुखपृष्ठे समोर ठेवा आणि त्यांवर कोणाकोणाचे चेहरे आहेत याची यादी करा. नंतर, कोणाचे चेहरे नाहीत याचीही यादी करा. आमच्या जिल्ह्याचे जीवन ज्या कापसावर उभे राहिले, तो कापूस वेचणारी मजूर बाई किती मुखपृष्ठांवर दिसते? दिसलीच तर ती उन्हात काळवंडलेली दिसते की रंगीत लुगडे नेसून हसताना दिसते? आमच्या पाहण्यातील अंकांवरून बोलावयाचे तर ती क्वचितच दिसते, आणि दिसते तेव्हा हसतच असते. यात चित्रकारांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. चित्रकाराने विकत घेणाऱ्याच्या आवडीचे चित्र काढले. पण आवड कोणाची होती, हा प्रश्न विचारण्यास मुले शिकली तर त्या एका प्रश्नाने इतिहासाचे अर्धे शिक्षण झाले असे आम्ही समजतो. अमेरिकेत नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराने १९१६ पासून १९६३ पर्यंत एकाच साप्ताहिकासाठी तीनशेहून अधिक मुखपृष्ठे काढली. तेथील अभ्यासकही आज त्या चित्रांकडे पाहून हाच प्रश्न विचारतात.

मासिक हातात आल्यावर त्याचे परीक्षण कसे करावे, तेही सांगतो. एक साधे बहिर्गोल भिंग घ्यावे. चित्रात समान अंतरावर मांडलेले बारीक ठिपके दिसले तर ते धातूच्या ब्लॉकवरून किंवा त्यानंतरच्या यंत्रावर छापलेले आहे. रवाळ, अनियमित कण दिसले तर तो बहुधा शिळाछाप. केवळ कोरीव रेषाच दिसल्या तर लाकडी ठसा किंवा रेषांचा ब्लॉक. पिवळा, तांबडा व निळा अशा तीन रंगांचे ठिपके शेजारी पडून नारिंगी, जांभळा व हिरवा कसा भासतो, हे भिंगातून पाहणे म्हणजे प्रकाशशास्त्राचा पाठच होय. नंतर अंकाचे पहिले आणि शेवटचे पान वाचावे. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचे नाव व मुद्रणाचे ठिकाण छापणे बंधनकारक झाले होते. त्यामुळे अंक कोणत्या छापखान्यात व कोणत्या गावी छापला गेला हे बहुधा कळते. अंकावर केवळ शक दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवावे, आणि पौषापासून फाल्गुनापर्यंतचा अंक असेल तर बहुधा ७९ मिळवावे, म्हणजे इसवी सन निघतो. गणिताचा कंटाळा असलेल्या मुलासही ही बेरीज गोड वाटते, असा आमचा अनुभव आहे.

आता जपणुकीचा विचार. जुन्या चिंध्यांपासून केलेला कागद शेकडो वर्षे टिकतो, परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यास शाई फुटू नये म्हणून तुरटी व राळ लावीत. त्या तुरटीपासून कागदात आम्ल उत्पन्न होते, आणि कागद आतून पिवळा व ठिसूळ होत जातो. उष्णतेने ही क्रिया जलद होते. वर्ध्याचा उन्हाळा कसा असतो ते आपणांस सांगावयास नको. पत्र्याच्या छपराखाली माळ्यावर ठेवलेला गठ्ठा वैशाखात अक्षरशः भाजून निघतो, आणि श्रावणात त्याच गठ्ठ्यास ओल व बुरशी लागते. उरलेले काम वाळवी व कसर करतात.

यावरील उपाय खर्चाचे नाहीत. अंक उभे न ठेवता आडवे ठेवावे. माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीस टेकवून न ठेवता आतल्या खोलीतील कपाटात, जमिनीपासून वर ठेवावे. आपले पूर्वज पोथी फडक्यात बांधीत, तसे स्वच्छ सुती फडके गुंडाळावे. दर दोन महिन्यांनी गठ्ठा सोडून पाने वाऱ्यास द्यावी, उन्हात देऊ नये. गंजलेल्या पिना हळूच काढून त्या जागी सुती दोरा घालावा. फाटलेल्या पानास चिकटपट्टी कधीही लावू नये. ती काही वर्षांनी स्वतः सुटते आणि कागदावर कायमचा तांबूस डाग ठेवते. अंकावर काही लिहावयाचे झाल्यास पेन्सिलीने लिहावे. प्लॅस्टिकच्या वेष्टणात चित्र कायमचे बंद करण्याची जी रीत आहे तीही घातक होय, कारण ते पुन्हा मोकळे करता येत नाही.

चिंध्यांच्या कागदाचा उल्लेख आला म्हणून आमच्या परिसराचे एक स्मरण येथे करतो. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून डॉ. जे. सी. कुमारप्पा पाहत असत, आणि हातकागद हा त्या उद्योगांपैकी एक प्रमुख उद्योग होता. आचार्य विनोबा भावे १९३२ पासून १९३८ मध्ये पवनारास जाईपर्यंत आमच्या नालवाडीत राहिले. त्यांनी त्यापूर्वीच, १९२३ साली, वर्ध्याहून 'महाराष्ट्र धर्म' हे मासिक काढले होते. त्या अंकाचे मोल चित्रांत नव्हे, विचारांत होते. सांगावयाचे तात्पर्य हे की, छापील अंक ही वस्तू या मातीस परकी नाही. येथे अंक लिहिले गेले आणि कागदही बनविला गेला. तेव्हा येथील घरांत जुने अंक सापडणार नाहीत असे मानण्याचे कारण नाही.

काही पालक म्हणतील, आता मोबाईलवर प्रत्येक पानाचे छायाचित्र घेता येते. मग हा कागदाचा पसारा कशास? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. छायाचित्र अवश्य घ्यावे, त्याने अंकाची वारंवार हाताळणी वाचते, आणि दूरच्या अभ्यासकासही लाभ होतो. बालभारतीने 'किशोर'चे जुने अंक याच रीतीने सर्वांस खुले केले, हे फार उपकारक कार्य झाले. परंतु छायाचित्र हे अंकाची जागा घेऊ शकत नाही. १९५१ मध्ये मधुकर पाटकर यांनी सुरू केलेल्या 'आवाज' दिवाळी अंकातील खिडकीचित्रे पुष्कळांस आठवत असतील. पानास खिडकी कापलेली असे, तीतून मागील चित्राचा एक भाग दिसे, आणि पान उलटताच भलताच अर्थ निघून हसू येई. त्या खिडकीचे छायाचित्र घेता येईल. पण ती उघडता येणार नाही. कागदाची जात, रंगाचा थर, पानाचा आकार, कोपऱ्यात कोणा आजीबाईंनी लिहिलेला दुधाचा हिशेब, या गोष्टी मूळ अंकातच राहतात. दोन्ही ठेवावे, हेच उत्तम.

छायाचित्र घेतल्यावर ते विकण्याचा मोह मात्र टाळावा. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रावरील हक्क सामान्यतः चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. धुरंधर १९४४ मध्ये वारले. त्यांचा हक्क संपला. दलाल १९७१ मध्ये व मुळगावकर १९७६ मध्ये वारले. त्यांच्या चित्रांवरील हक्क अनुक्रमे २०३१ व २०३६ अखेरपर्यंत राहील. अभ्यासासाठी पाहणे निराळे आणि छापून पैसे मिळविणे निराळे, हा विवेक लहानपणीच अंगी बाणला पाहिजे.

खर्चाविषयीही स्पष्ट बोलतो. हा छंद पैशाचा होऊ नये. दुर्मिळ अंकास मोठी किंमत येते हे खरे, परंतु ज्या दिवशी विद्यार्थी अंकाकडे किंमतीच्या दृष्टीने पाहू लागला, त्या दिवशी तो वाचक राहिला नाही, दुकानदार झाला. दुकानदारी निंद्य नव्हे. पण तिचे वय हे नव्हे. म्हणून आमची सूचना अशी की, विद्यार्थ्याने एक फळी एवढीच आपल्या संग्रहाची मर्यादा ठरवावी, आणि एकच विषय निवडावा. कोणी केवळ मुलांची मासिके घ्यावी, कोणी एकाच वर्षाचे निरनिराळे दिवाळी अंक घ्यावे, कोणी केवळ विदर्भात छापलेले अंक घ्यावे. शेवटचा विषय आम्हांस विशेष प्रिय आहे. कारण मुंबई-पुण्याचे अंक जपणारे पुष्कळ आहेत, पण नागपूर, अमरावती, वर्धा येथील लहान छापखान्यांतून निघालेल्या अल्पायुषी मासिकांस वाली थोडे.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची प्रचंड सूची सिद्ध करून १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. ग्रंथ कोठे आहेत हे कोणी तरी शोधून, हातात घेऊन, लिहून ठेवले म्हणूनच ते पुढील पिढीस सापडले. आमच्या विद्यार्थ्यांकडून आम्ही एवढ्या मोठ्या कार्याची अपेक्षा करीत नाही. एका वहीत अंकाचे नाव, महिना व वर्ष, संपादक, मुद्रणस्थळ, चित्रकाराची सही असल्यास ती, आणि तो अंक कोणाच्या घरी आहे, एवढे लिहिले तरी पुरे. अंक शाळेत आणून द्यावा असेही आम्ही म्हणत नाही. ज्याचा अंक त्याच्याच घरी राहावा. केवळ तो तेथे आहे याची नोंद व्हावी. वस्तू एका ठिकाणी गोळा झाली म्हणजे एका आगीत किंवा एका गळक्या छपराखाली ती सर्वच जाते. पन्नास घरांत राहिली तर सर्वच जाण्याचे भय नाही.

सुज्ञ पालकांस अखेरची विनंती. दिवाळीपूर्वी घर झाडावयास काढाल तेव्हा रद्दीवाल्यास हाक मारण्याआधी एक दिवस थांबावे, आणि घरातील शाळकरी मुलास तो गठ्ठा उघडू द्यावा. जे क्रमिक पुस्तकांचे तुकडे असतील ते खुशाल जाऊ द्या. पण एखादा अंक मुखपृष्ठासह आणि जाहिरातींसह अखंड निघाला, तर तो तराजूत घालू नका. किलोभर कागदाचे जे दहा-वीस रुपये येतात, त्यांनी कोणाचेही घर चालत नाही. आणि जो अंक एकदा लगद्याच्या हौदात गेला, तो कितीही पैसे मोजले तरी परत येत नाही.

हाच न्याय या शालेय वार्षिकासही लागू आहे. याच्या प्रती थोड्या निघतात आणि बहुतेक पुढील जूनपर्यंत दिसेनाशा होतात. आपल्या मुलाचे किंवा मुलीचे नाव ज्या अंकात आहे, तो तरी मुखपृष्ठासह ठेवावा, आणि आतील बाजूस पेन्सिलीने त्याची इयत्ता व आजची तारीख लिहून ठेवावी. पन्नास वर्षांनी तो उघडणारा कोण असेल हे आपण जाणत नाही. परंतु त्याला काय सापडावे, हे आज आपल्याच हाती आहे.